नाक्याची निळी पट्टी

माझ्या धाकट्या भावाला जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस येते, आणि मला त्याची. हे मी त्याच्या तोंडावर पुष्कळदा बोलले आहे, तेव्हा इथे लिहायला कसला संकोच. आता तो मोठा शास्त्रज्ञ आहे, म्हणजे निदान त्याच्या दारावरच्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं. पण आमच्या गल्लीत त्याला अजूनही नाक्याच म्हणतात, कारण चालायला लागल्यापासून तो नाकावर दोन बोटं ठेवूनच गल्लीतून फिरला.

गल्लीला वास होता हे खरं. घरांच्या मागे नाला, नाल्यापलीकडे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायच्या शेडी, आणि घरांच्या पुढे सगळ्यांची मिळून एक विहीर. शेडींचं काळं पाणी नाल्यात, आमच्या मोऱ्यांचं साबणाचं पाणी नाल्यात, आणि नाला जमिनीतून पाझरून कुठे जातो याची चौकशी कोणी केली नाही. सडलेली अंडी, साबण आणि गंज एका भांड्यात उकळावं तसा तो वास. आम्हा बाकीच्यांना तो येत नसे. आम्ही त्यातच जेवलो, झोपलो, लग्नं करून तिथेच राहिलो. नाक्याला मात्र तो दिवसरात्र यायचा.

तो जेवताना रुमाल तोंडाशी धरायचा. शेजारीण पाणी द्यायला आली की पेल्याची कड डोळे बारीक करून बघायचा आणि मग वरून प्यायचा, अर्धं पाणी शर्टावर सांडून. साबण लावून हात असे चोळायचा की बोटांची सालं निघायची. शाळेत जाताना माझा हात धरायचा तोसुद्धा रुमालातून, कारण माझ्या तळव्याला घाम येतो. सख्ख्या बहिणीचा हात धरायला ज्याला रुमाल लागतो त्याच्याबद्दल माया वाटावी कशी, हे मला कोणीतरी समजावून सांगा. मला माया वाटायचीच, आणि त्याचाही मला राग यायचा.

अभ्यासात मात्र तो कोणाला हार जायचा नाही. सजीवांचं शास्त्र शिकायला गेला आणि पहिल्याच वर्षी, ट्रेमध्ये फाडून ठेवलेला उंदीर बघून वर्गात आडवा झाला. आम्हाला वाटलं, संपलं, आता हा कुठेतरी कारकून होणार. पण त्याने त्या शास्त्राचा असा कोपरा शोधून काढला जिथे कशालाच हात लावावा लागत नाही. उंदीर नाही, रक्त नाही, चिखल नाही. फक्त कॉम्प्युटर, खुर्ची आणि एसी.

त्याचं काम मला समजावं म्हणून त्याने एकदा माझ्याच दुकानात बसून ते सांगितलं. माझं गल्लीबाहेर, रस्त्यावर कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. खुर्चीवर आधी रुमाल पसरला, मग बसला आणि बोलायला लागला. डीएनए म्हणे सगळ्या जिवांच्या पेशीत असतो, पण त्याचा अगदी आखूड धागा आता हवा तसा बनवूनही मिळतो. त्या धाग्यावर चारच अक्षरं असतात, आणि अक्षरांचा क्रम बदलला की धागा निराळ्या तऱ्हेने वळतो. एखादा असा वळतो की त्याच्या मधल्या पोकळीत शिशाचा कणच बरोबर बसतो, दुसरं काही बसत नाही. मी म्हटलं, म्हणजे बटणाच्या मापाचं काज. तो खूश झाला. तसा धागा कागदाच्या पट्टीवर बसवायचा आणि पट्टी पाण्यात बुडवायची. पाण्यात शिसं असेल तर पट्टी निळी होते, नसेल तर पांढरीच राहते. कोणालाही वापरता यावी इतकी सोपी.

अडचण अशी की त्या चार अक्षरांचे क्रम मोजता येणार नाहीत इतके होतात. एकेक बनवून बघायचा म्हटलं तर कित्येक पिढ्या जातील. म्हणून हा कॉम्प्युटरवर आधी त्यांच्या घड्या पाडून बघायचा, कोणता कसा वळेल त्याचा हिशेब करायचा आणि त्यातले मोजके निवडायचा. ते निवडलेले धागे त्याच्या संस्थेतल्या लॅबमधल्या काकू खऱ्या पाण्यात तपासायच्या. निकाल नाक्या पुन्हा कॉम्प्युटरला भरवायचा. कॉम्प्युटर त्यावरून शिकायचा आणि पुढच्या खेपेला आणखी चांगले धागे सुचवायचा. असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

आणि शिसंच का, हेही सांगते, कारण तेवढ्यासाठी मी त्याचे बाकीचे सगळे थेर सहन केले. माझी नात चिंगी चार वर्षांची असताना तिचं पोट सतत दुखायला लागलं. शिकवलेलं गाणं दुसऱ्या दिवशी विसरायची, चालता चालता पाय अडखळायचे. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर त्यात शिसं निघालं. मग गल्लीतल्या बाकीच्या पोरांचं रक्त तपासलं, त्यांच्यातही निघालं. गवगवा झाला, शेडी बंद झाल्या, विहिरीवर जाळी ठोकली आणि पाण्याचा टँकर सुरू झाला. नाक्या तोवर कसल्यातरी तापाचा जंतू ओळखायच्या पट्टीवर काम करत होता. ते त्याने सोडलं आणि शिसं धरलं. मला काही बोलला नाही, पण मी समजले.

त्यालाही आता काही वर्षं झाली. चिंगी सुधारली, पूर्ण नाही. आणि पालिकेला टँकरचा कंटाळा आला. विहिरीचा गाळ उपसला, फोटो काढले, विहिरीवर पंप बसवला आणि पाणी आता स्वच्छ आहे असं म्हणायला लागले. पण म्हणून कसं चालेल, कोणीतरी सिद्ध करून द्यायला हवं. मोठ्या मशीनवर तपासायचं तर नमुना लांबच्या शहरात पाठवा, वाट बघा. तेवढ्यात नाक्याच्या संस्थेच्या डायरेक्टर साहेबांनी जाहीर केलं की आमची पट्टी तयार आहे आणि तिचा पहिला वापर याच विहिरीवर, सगळ्यांसमोर करू. पट्टी पांढरी राहिली की जाळी काढायची, टँकर बंद, गल्लीने विहिरीचं पाणी प्यायचं. मांडव घालायचं ठरलं, पाहुणे ठरले.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी नाक्या माझ्या घरी आला. किती वर्षांनी गल्लीत पाऊल टाकलं होतं देव जाणे. नाकाला रुमाल, रुमालाला अत्तर. विहिरीचं पाणी मला त्याने पंपातून बादलीत काढायला लावलं, स्वतः दोन हात लांब उभा. मग पट्टी बुडवली. पांढरी. चिंगीची आई, माझी लेक, तिथेच पायरीवर बसून रडायला लागली, आनंदाने. मलाही भरून आलं.

पण कामाच्या बाबतीत नाक्या काटेकोर आहे, तेवढं कबूल करते. लॅबमध्ये काकू विहिरीच्या पाण्यात बाटलीतलं शिसं मोजून घालायच्या आणि पट्टी निळी होते की नाही ते बघायच्या. तीच बाटली तो घेऊन आला होता. नुसती खात्री करून घ्यायला म्हणून त्याने मगभर विहिरीच्या पाण्यात त्यातलं शिसं ओतलं आणि पट्टी घातली. पट्टी पांढरीच राहिली. दुसरी घातली. पांढरी. मग टँकरच्या पाण्यात तेच शिसं घालून बघितलं, तर क्षणात निळी. परत विहिरीच्या पाण्यात, अर्धी बाटली रिकामी करून. पांढरी. रुमाल त्याच्या हातातून केव्हा पडला हे त्याला कळलं नाही. मला तेव्हाच कळलं की काहीतरी भयंकर झालं आहे.

टॅक्सी करून आम्ही संस्थेत गेलो. मी बरोबर गेले, कारण त्याला एकट्याला सोडवेना. संस्था म्हणजे काचा, कुंड्या आणि लिंबाच्या वासाचा फवारा, इतका की घसा खवखवायला लागला. काकू लॅबमध्ये बाटल्या विसळत होत्या. बुटक्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, हसऱ्या. नाक्याने विचारलं की विहिरीच्या पाण्याचा कॅन आला की तुम्ही नेमकं काय करता, सुरुवातीपासून सांगा. काकू सांगायला लागल्या, सहज, कौतुकाची वाट बघत.

"कॅन उघडला की आधी कोळशातून गाळून घेते. पहिल्या दिवशी वासाने तुम्हाला बेसिनवर ओकताना बघितलं होतं ना, तेव्हापासून. मग पाण्याला वासच राहत नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून."

नाक्या स्टुलावर बसला. रुमाल न पसरता बसला. काकूंना कळेना की आपण काय वावगं बोललो. त्या बिचाऱ्या त्याच्यासाठी चहा आणायला गेल्या.

मला त्याने जे सांगितलं ते असं. कोळशाने वास जातो, आणि वासाबरोबर तेल, साबण, कुजका गाळ, जंतू आणि जंतूंचे रसही जातात. मग त्या निर्मळ पाण्यात काकू शिसं घालायच्या आणि धागा झकास वळायचा. आमच्या विहिरीच्या खऱ्या पाण्यात जंतूंचे रस तो धागा खाऊन टाकतात, उरलेला तेलकट गाळात गुरफटून बसतो, आणि शिसं त्याच्या शेजारून निघून जातं. नुसती पट्टी बिघडली असती तर बदलता आली असती. पण कॉम्प्युटर इतकी वर्षं त्या गाळलेल्या पाण्यावरच शिकला होता. घाणीत टिकणारे धागे त्याने फेकून दिले होते आणि स्वच्छ पाण्यात नटून मिरवणारे निवडले होते. सगळी निवडच मुळापासून चुकली होती, आणि ती चुकली होती एका माणसाच्या नाकापायी.

 माझी नात पोट धरून कळवळत होती तेव्हा हा तिच्याच विहिरीचं पाणी अत्तर लावल्यासारखं करून पुढ्यात घेत होता, आणि त्याला ते माहीतसुद्धा नव्हतं. माहीत करून घ्यायला एकदा त्या कॅनवर वाकावं लागलं असतं.

मग आम्ही साहेबांकडे गेलो. मी बाहेर थांबावं अशी त्यांची इच्छा दिसली, ती मी पुरी केली नाही. साहेब गोरेगोमटे, मऊ हाताचे, नखांना पॉलिश. नाक्या सांगत होता तेव्हा त्यांनी टेबलावरची एक पट्टी उचलली, तिची गुंडाळी केली आणि कान कोरायला सुरुवात केली. पूर्ण वेळ कोरत होते. मधेच गुंडाळी बाहेर काढून तिचं टोक बघायचे, जणू काय निघालं ते वाचतायत. शेवटी ती पट्टी तशीच टेबलावर ठेवली, मळ लागलेली, माझ्यासमोर.

त्यांचं म्हणणं शांत होतं. गाळलेल्या पाण्यात पट्टी चालते, म्हणजे पट्टी चालते. पुढे कधीतरी लोकांना आधी गाळून घ्या असं सांगता येईल. पाहुणे ठरलेत, बातमी गेलेली आहे. शिवाय शेडी बंद होऊन इतका काळ लोटला, गाळही काढला, पाणी स्वच्छच असणार. आणि नसलंच, तर पट्टी पांढरी राहिल्याने कोणाचं काय नुकसान होतंय, असं ते म्हणाले. ते मी माझ्या कानांनी ऐकलं. नाक्याने विचारलं की निदान मोठ्या मशीनवर एक नमुना पाठवू का. साहेब म्हणाले, पाठवा की, कार्यक्रमानंतर. आणि घंटी वाजवून त्यांनी चहा मागवला.

परतताना टॅक्सीत नाक्या खिडकीकडे तोंड करून बसला होता. मी वाट बघत होते की हा आता काय ते ठरवून बोलेल. तो बोलला, पण असा की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कार्यक्रम होऊन जाऊ दे म्हणाला, मग मी हळूच पालिकेला कळवतो, दोनतीन दिवसांनी काय बिघडतंय.

मी विचारलं, दोनतीन दिवस पोरांनी काय प्यायचं.

 त्यावर तो म्हणाला, "ताई, नुसतं पट्टी चुकली म्हणून भागणार नाही. का चुकली ते विचारतील. गल्लीसमोर सांगावं लागेल मला, तुमच्या वासाने मला ओकारी येते म्हणून."

"मग सांग," मी म्हटलं. "तसंही सगळ्यांना माहीत आहे."

 त्याची नोकरी जाणार होती, नाव जाणार होतं, ते त्याला चालणार होतं. पण लहानपणी ज्यांनी नाक्या नाक्या म्हणून पिडलं त्यांच्यापुढे उभं राहून ते नाक कबूल करायचं, हे त्याच्या घशाखाली उतरेना. मला त्याची इतकी शिसारी आली की मी टॅक्सीत सरकून दाराला चिकटून बसले. ठरवून टाकलं, हा बोलला नाही तर मी उठून ओरडणार. पण माझ्या ओरडण्याने पट्टी खोटी ठरली नसती हेही मला कळत होतं. दुकानात काज करणारी बाई एका बाजूला, आणि पांढरी पट्टी, साहेब, पाहुणे दुसऱ्या बाजूला. गल्लीने तरी माझं का ऐकावं? त्यांनाही टँकरच्या रांगेचा वीट आला होता.

दुसऱ्या दिवशी मांडवात सगळी गल्ली जमली. पुढे पाहुण्यांच्या खुर्च्या, खुर्च्यांपुढे टेबल, टेबलावर झाकणबंद बाटल्यांतलं पाणी. ज्यांनी विहीर स्वच्छ आहे असं सांगायचं तेच बाटलीचं पाणी पीत होते. कोणाला त्यात काही खटकलं नाही. साहेबांनी आज हातमोजे घातले होते. त्यांनी लांबलचक भाषण केलं, त्यात मानवजात दोनदा आली आणि आमची गल्ली एकदाही नाही. मग पंपाचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन चिमट्याने पट्टी बुडवली, वर काढली आणि सगळ्यांना दाखवली. पांढरी. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारची बाई मला मिठी मारून हसत होती, मी दगडासारखी उभी.

नाक्या पाहुण्यांच्या रांगेत टोकाला बसला होता. त्याचा हात खिशात होता, आणि खिशात बाटली आहे हे मला माहीत होतं. तो उठला नाही.

तेवढ्यात साहेबांना सुचलं की पहिला पेला एखाद्या मुलाने प्यावा, फोटोला छान. त्यांनी विचारलं, आपल्या शास्त्रज्ञांच्या घरचं कोणी आहे का. आणि माणसांनी लगेच चिंगीला पुढे ढकललं. ती आठ वर्षांची, नवा फ्रॉक घातलेली. तिच्या हातात पेला दिला. मी गर्दी सारत निघाले, पण माझ्या आणि तिच्या मध्ये पंधरा माणसं होती. चिंगीने पेला तोंडाजवळ नेला आणि थांबली. कड नीट निरखून बघितली, डोळे बारीक करून. मग नाक मुरडलं. हुबेहूब तो.

"वास येतोय," ती म्हणाली.

लोक हसले. साहेबही हसले आणि म्हणाले, पी बाळ, काही नाही होत.

नाक्या उठला. त्याने पेला तिच्या हातातून काढून घेतला, सरळ बोटांनी, रुमाल नाही काही नाही. खिशातली बाटली काढून पेल्यात उपडी केली आणि नवी पट्टी बुडवली.  पट्टी त्याने वर धरली.

"मी यात आत्ता सगळ्यांसमोर शिसं घातलं," तो म्हणाला. "तरी पट्टी पांढरीच आहे. या पट्टीला तुमच्या पाण्यात काही दिसत नाही. हे पाणी पिऊ नका." आणि मग, जमिनीकडे बघत, "मला या पाण्याच्या वासाने उलटी व्हायची. म्हणून ते माझ्यापुढे गाळून यायचं. गाळलेल्या पाण्यासाठी पट्टी बनवत राहिलो मी."

 मग मागून कोणीतरी मोठ्याने नाक्या म्हणालं आणि हशा पिकला, ओंगळ, पोट धरून हसणारा. साहेबांनी हातमोजे काढले, टेबलाखाली टाकले आणि गाडीत जाऊन बसले. हातमोजे नंतर मी उचलले. बाकी कोणी कशाला उचलणार.

टँकर चालू राहिला. मोठ्या मशीनने विहिरीत भरपूर शिसं दाखवलं, तेव्हा हसणारे गप्प झाले, पण नाक्याची माफी कोणी मागितली नाही. संस्थेने त्याला घरी बसवलं, पाण्याबाबत निष्काळजीपणा केल्याबद्दल. ज्यांनी पट्टीने कान कोरला त्यांना निष्काळजीपणाचा अर्थ कोण विचारणार. काकूंनी आपणहून राजीनामा दिला. नाक्या त्यांच्या घरी गेला आणि म्हणाला की तुम्ही चुकला नाहीत, तुम्ही माझी काळजी घेतलीत. मग दोघं मिळून माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत पुन्हा कामाला लागले.

आता कॅन येत नाही, नाक्या स्वतः पाणी काढतो. सगळ्यात घाण पाणी हवं म्हणून जाळी बाजूला सारून विहिरीच्या तळाचा गाळ ढवळतो, नाल्यात उतरतो. हात कोपरापर्यंत काळे. दर खेपेला भिंतीशी जाऊन ओकतो आणि परत येतो, आणि ती भिंत मी धुते, शिव्या देत. रुमाल मागितला की देत नाही. पुढचे सगळे धागे त्याने त्या घाणीतच तपासले आणि कॉम्प्युटरला पहिल्यापासून शिकवलं. किती वेळ लागला विचारू नका. माझ्या दुकानाला नाल्याचा वास लागला, गिऱ्हाईकं कपडे हुंगून घ्यायला लागली.

परवा दुपारी पट्टी निळी झाली. न गाळलेल्या, बादलीतल्या पाण्यात, फेसाखाली, हळूहळू, पण निळी. काकूंनी टाळी वाजवली. नाक्या हसला, मी त्याला असं दात दाखवून हसताना पूर्वी पाहिलेलं नव्हतं. चिंगी शाळेतून येऊन दारात उभी होती. तिने आमचे चेहरे बघितले, पट्टी बघितली.

"निळी झाली म्हणजे चांगलं ना, आजोबा?"

 तो निळा रंग तिच्या पोटात होता, तिच्या विसरलेल्या गाण्यांत होता. नाक्याचं हसू मावळलं. तो उठून तिच्याकडे गेला आणि तिला जवळ घ्यायला त्याने दोन्ही हात पुढे केले, काळे, ओले, गाळ टपकणारे.

"हात धू आधी," मी ओरडले.

तो थबकला आणि आपल्या हातांकडे बघू लागला. हात धुवायचं तो विसरला होता, जन्मात पहिल्यांदा. तो मोरीकडे गेला. मी बादलीजवळच उभी होते. त्या पाण्याला वास येत होता, सडक्या अंड्यांचा, साबणाचा, गंजाचा, मला येत होता. याच पाण्यावर मी वाढले, याच पाण्यावर लेक वाढवली, आणि चिंगी तान्ही असताना तिच्या तोंडात पहिला चमचा मी याच पाण्याचा घातला होता. मी पदर नाकाला लावला आणि पळत जाऊन त्याच्याच भिंतीशी ओकले.